ती पोरगी घरी गेली का?

आमच्या शब्बाथ शाळेत निळ्या फ्लॅनेलचा एक फळा होता. बाई त्यावर कागदाची चित्रं लावायच्या. चित्रांच्या पाठीला खरखरीत कापड असायचं, म्हणून गोंद नसतानाही ती फळ्याला धरून राहायची. पावसाळ्यात हवा दमट झाली की हळूहळू घसरत खाली यायची. १९८२ च्या उन्हाळ्यात, मी नऊ वर्षांचा असताना, बाईंनी त्या फळ्यावर नामानाची गोष्ट सांगितली. नामान अरामाचा मोठा सेनापती, पण त्याच्या अंगावर कोड. अरामी टोळ्यांनी इस्राएलातून एक लहान मुलगी धरून आणली होती, ती त्याच्या बायकोची चाकरी करायची. ती मालकिणीला म्हणाली, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. नामान त्या संदेष्ट्याकडे, अलीशाकडे गेला, यार्देन नदीत सात वेळा बुडी मारली आणि बरा झाला.

गोष्ट संपली. बाई चित्रं काढून पाकिटात ठेवायला लागल्या. मी हात वर केला.

"बाई, थे पोरगी घरी गेली का जी?"

बाईंनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "ते शास्त्रात लिहिलेलं नाही, बाळा."

माझ्या तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली होती. मुलीचं चित्र बाईंनी फार आधी काढलं होतं. नामान नदीत उतरला तेव्हाच ती पाकिटात गेली होती. गोष्टीतलं तिचं काम झालं होतं ना.

पवित्र शास्त्रातलं 'दुसरे राजे' हे पुस्तक, पाचवा अध्याय. मी तो किती वेळा वाचला असेन, त्याचा हिशोब नाही. नामानाने सोबत नेलेली चांदी त्यात तोलून दिलेली आहे, सोन्याची सहा हजार नाणी मोजलेली आहेत, दहा पोशाख मोजलेले आहेत. परत जाताना त्याने दोन खेचरांवर लादता येईल इतकी माती मागून घेतली, तेही लिहिलेलं आहे. मुलीचं नाव मात्र नाही. आणि बरा झालेल्या नामानाचं अंग कसं झालं, तर लहान मुलाच्या अंगासारखं. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. ज्याच्या माणसांनी एक लेकरू पळवून आणलं, त्याच्याच अंगावर देवाने लेकराची कातडी चढवली. पाळकसाहेबांना मी एकदा विचारलं, की त्या कातडीकडे पाहून तरी त्याला ती मुलगी आठवली असेल का? ते म्हणाले, आठवली असेल अशी आशा आपण धरू शकतो.

हे सगळं आज लिहायचं कारण असं, की गेली काही वर्षं मी लहान मुलांच्या कथा वाचतो आहे. लहान मुलांसाठी लिहिलेल्या म्हणत नाही. ज्यांत लहान मूल आहे आणि त्याचा कशावर तरी जीव तोडून विश्वास आहे, अशा कथा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी ब्रँच पोस्टमास्तर आहे. सकाळी चार-पाच तास पोस्ट, बाकीचा दिवस पाच एकर कोरडवाहू. ख्रिस्ती घरं आमच्या गावात अकरा. रविवारी उपासनेआधी शब्बाथ शाळा मी घेतो. आणि वाचतो, मिळेल ते.

लहानपणी आमच्याकडे गोष्टी यायच्या त्या हजेरीच्या कार्डांवर. चार रविवार न चुकता आलं की एक रंगीत कार्ड मिळायचं. पुढे चित्र, मागे एक वचन आणि दहा-बारा ओळींची गोष्ट. गरीब मुलाला बूट नव्हते, त्याने रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली, सकाळी दाराशी बूट होते. एका मुलीची आई आजारी होती, मुलीने प्रार्थना केली, आई उठून बसली. ही कार्डं मला इतकी आवडायची की ती मी शिळ्या भाकरीच्या टोपलीखाली लपवून ठेवायचो, धाकट्या भावाने फाडू नयेत म्हणून. प्रत्येक गोष्टीत रात्र होती आणि प्रत्येक गोष्टीत सकाळ होती.

त्याच वर्षी, १९८२ च्या आषाढात, आमचा बांड्या आजारी पडला. बैलजोडीतला डाव्या हाताचा बैल. डवरणीचे दिवस, आणि संध्याकाळी त्याचं पोट फुगलं. बाबांनी तेलात हिंग घालून पाजलं, शेजारच्या दोन माणसांनी त्याला उभं ठेवायचा प्रयत्न केला. जनावरांचा डॉक्टर तालुक्याला, आणि नाल्याला पूर. मी बैलांच्या कोठ्यात गेलो, कडब्याच्या पेंढीवर गुडघे टेकले आणि कार्डावरच्या मुलासारखी प्रार्थना सुरू केली. बांड्या कण्हत होता. मी मधेच डोळे उघडले. तो अजून उभा आहे का, एवढंच बघायला. मग पुन्हा मिटले.

बांड्या पहाटेच्या आधी गेला.

मोठी माणसं म्हणतात की लेकराची श्रद्धा साधी असते, तिला प्रश्न पडत नाहीत. 'लहान मुलांसारखे व्हा' या वचनावरचं प्रवचन मी पंचवीसेक वेळा तरी ऐकलं असेल आणि जवळपास प्रत्येक वेळी असंच सांगितलं गेलं. ज्यांनी हे सांगितलं ते आपलं नववं वर्ष विसरले आहेत, असं मला प्रेमानेच म्हणावंसं वाटतं. बांड्या गेला तेव्हा देव नाही असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. देवाने ऐकलं नाही असंही आलं नाही. मनात एकच आलं: मी मधे डोळे उघडले होते. माझ्यामुळे प्रार्थना बिघडली आणि माझ्यामुळे बैल गेला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. बाबा त्या वर्षी दुसऱ्याचा बैल अर्ध्या दिवसाच्या कामाच्या बदल्यात आणून डवरे हाकत होते, आणि मी बांधावर उभा राहून पाहत होतो. मला वाटायचं, यांना कळलं तर काय होईल. पोळ्याला आमचा एकटाच बैल तोरणाखाली गेला. (पोळा आमच्या घरी व्हायचा. मंडळीतल्या एकदोघांना पटायचं नाही. बाबा म्हणायचे, वर्षभर राबणाऱ्या जनावराच्या गळ्यात माळ घालायला कुठल्या शास्त्राची मनाई आहे?) दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. मी निघालो नाही.

लेकराची श्रद्धा अशी असते. तिला नियम असतात, तपासणी असते, आणि चूक झाली तर ती आपल्याच माथी घेण्याची घाई असते.

१९८३ साली यवतमाळचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांचं विद्यालय, पुण्याला गेलं. १९५३ पासून ते आमच्याकडे होतं. बाबा हंगाम नसला की तिथल्या बागेत रोजाने जायचे. सामान बांधताना जुनी वह्या-पुस्तकं निघाली, त्यातली एक पत्र्याची पेटी सायकलला बांधून बाबा घरी घेऊन आले. स्वतः ते अक्षर-अक्षर लावून वाचायचे, पण कागद टाकून देणं त्यांच्याच्याने होत नसे. पेटीत 'ज्ञानोदय'चे सुटे अंक होते. ते मासिक १८४२ साली अहमदनगरला सुरू झालं हे मला पुढे कळलं. तेव्हा फक्त त्याचा वास आवडला होता. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकाची काही पानं होती. आणि पुठ्ठा व पहिली काही पानं नसलेलं एक पुस्तक होतं, जगातल्या कथांचं मराठी भाषांतर. कुणी केलं, कुठे छापलं, आजही मला ठाऊक नाही.

त्यात रशियन लेखक चेखवची 'वान्का' ही कथा होती.

वान्का झुकोव नऊ वर्षांचा. मॉस्कोत एका मोच्याकडे कामाला ठेवलेला. नाताळच्या आदल्या रात्री घरची सगळी देवळात गेल्यावर तो कपाटातून दौत आणि गंजलेल्या निबाची लेखणी काढतो, चुरगळलेला कागद बाकावर पसरतो, बाकापुढे गुडघे टेकतो आणि गावाकडच्या आजोबांना पत्र लिहितो. लिहिण्याआधी कोपऱ्यातल्या काळवंडलेल्या देवचित्राकडे बघतो. बाळाचा पाळणा हलवता हलवता झोप लागली म्हणून मालकाने पट्ट्याने मारलं. मासा शेपटीकडून साफ करायला घेतला म्हणून मालकिणीने त्याच माशाचं तोंड माझ्या तोंडावर घासलं. सकाळी पाव, दुपारी लापशी, रात्री पुन्हा पाव. आजोबा, मला इथून घेऊन जा. मी तुमची तंबाखू कुटून देईन, तुमच्यासाठी देवाजवळ प्रार्थना करीन. पत्राची घडी घालतो, पाकिटात टाकतो आणि वर लिहितो: गावाकडे, आजोबांना. मग जरा विचार करून त्याखाली आजोबांचं नाव टाकतो. कोन्स्तांतीन माकारिच. धावत जाऊन पेटीत टाकतो, येऊन झोपतो. स्वप्नात त्याला शेकोटीच्या उबेला बसलेले आजोबा दिसतात, पत्र वाचून दाखवत असलेले.

कथा तिथेच संपते. मी पान उलटलं, पुढे दुसरीच गोष्ट सुरू झालेली. वाटलं मधलं पान फाटलं आहे. पानांचे आकडे पाहिले, बरोबर होते.

मी रडलो ते वान्काच्या मारासाठी नाही. पत्ता चुकला यासाठी रडलो. तोही चुकला होता, माझ्यासारखाच. त्याने मनापासून सगळं केलं होतं, गुडघे टेकले होते, शाई मिळवली होती, पाकीट विकत घेतलं होतं, आणि एक साधी गोष्ट राहिली. मला जगात माझ्याशिवाय आणखी एक पोरगा मिळाला, ज्याची रात्र तशी गेली.

इथे मला वाटतं ते स्पष्ट लिहितो. हजेरीच्या कार्डांनी मला देवाबद्दल शिकवलं, पण एकटं पाडलं. ज्या कथेत सकाळ लिहिलेलीच नाही, तिने मला सोबत दिली. ती लिहिणारा माणूस देवळात जायचा की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. त्याने पोराला मधेच पाकिटात ठेवलं नाही. शेवटच्या ओळीपर्यंत फळ्यावर ठेवलं.

१९९६ साली मी पोस्टात लागलो, तेव्हापासून ही कथा मला वेगळी दिसते. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती पाठच व्हायला हवी. पाहा, 'गावाकडे, आजोबांना' हा पत्ता तितका वाईट नाही. माझ्याकडे 'सुमनबाई, चिंचेजवळ' म्हणून पत्रं आलेली आहेत आणि मी ती पोचवली आहेत. 'लंगड्या गायकीचा नातू' असाही एक पत्ता होता. (गायकी म्हणजे आमच्याकडे गुरं राखणारा.) खेड्याच्या पोस्टमास्तरला माणूस कळला की झालं. पत्र फक्त त्या गावच्या थैलीत पडायला हवं. पिनकोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्याआधीही माणसांना पत्रं मिळतच होती. वान्काने गावाचं नाव तेवढं लिहिलं असतं, तर माकारिचबुवांना पत्र मिळालंच असतं, याची मला खात्री आहे. पाकिटावर तिकीट लावल्याचा उल्लेखही नाही. आमच्याकडे असं टपाल बेरंग जातं, घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे घेतात. आजोबांनी ते भरले असते.

आणखी एक गोष्ट पोस्टाबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. ज्या पत्राचा घेणारा सापडत नाही आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही वर नसतो, ते शेवटी रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं. पूर्वी त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत. मला, माझ्या पोस्टमनला, कुणालाच कुणाचं पाकीट उघडायची मुभा नाही. त्या ऑफिसातला नेमलेला माणूस मात्र ते उघडतो, पाठवणाऱ्याचा पत्ता आत आहे का ते शोधायला. म्हणजे आपल्याकडच्या रीतीने पाहिलं तर वान्काचं पत्र कुणीतरी उघडलं असतं. त्या माणसाने पत्त्यासाठी ओळ न् ओळ वाचली असती. मासा, पट्टा, पाळणा, तंबाखू. पत्ता त्याला सापडला नसता, कारण पोराने तोही लिहिलेला नाही. पण पत्र वाचलेला एक माणूस त्या संध्याकाळी घरी गेला असता, आणि त्याच्या घरीही कुणी लेकरू असतं. मी हे इतक्यांदा मनात आणलं आहे की तो कारकून मला ओळखीचा वाटतो.

बाकीच्या कथांबद्दल थोडं.

प्रेमचंदांची 'ईदगाह' मी हिंदीतूनच वाचली. १९३३ ची कथा. हामिद चार-पाच वर्षांचा. बाप पैसे कमवायला गेला आहे आणि अम्मी अल्लामियांच्या घरून चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेली आहे, असं त्याला सांगितलेलं. तो ते मानतो आणि खूश असतो. प्रेमचंद त्याचा गैरसमज दूर करायला एकही पात्र पाठवत नाहीत. मला यात लेखकाची फार मोठी माया दिसते. हामिद जत्रेत तीन पैशांचा चिमटा घेतो, कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटं भाजतात. बाकीची पोरं मातीची खेळणी घेतात. शेवटी म्हातारी आजी, अमीना, लहान मुलीसारखी रडते आणि पोरगं म्हाताऱ्यासारखं उभं असतं. मी ख्रिस्ती माणूस, पण देवाच्या राज्यात लहान मुलांचं काय काम आहे हे मला त्या चिमट्याने जितकं कळलं तितकं पुष्कळ प्रवचनांनी कळलं नाही. आई आणण्याचं काम अल्लाकडे आहे, तोवर आजीचे हात आपल्याकडे आहेत. त्या लेकराच्या डोक्यात ही वाटणी किती स्वच्छ आहे.

टॉलस्टॉयच्या मार्तिन मोच्याची कथा (१८८५) आमच्या मंडळीत नाताळला दरवर्षी कुणी ना कुणी सांगतं. त्यातला म्हातारा आज प्रभू येणार म्हणून तळघराच्या खिडकीतून वाट पाहतो. सगळे त्या म्हाताऱ्याबद्दल बोलतात. मला त्यातलं सफरचंद चोरणारं पोरगं आवडतं. म्हातारी त्याच्या केसांना धरून पोलिसांकडे न्यायला निघते, मार्तिन मधे पडतो आणि शेवटी तेच पोरगं तिचं ओझं उचलून तिच्या बरोबरीने चालायला लागतं. त्याला कुणी वचन ऐकवत नाही. मार्तिनाच्या घरात मात्र एक गोष्ट आधी घडून गेलेली असते. त्याचा मुलगा कपितोन हाताशी आला तसा वारला आणि म्हाताऱ्याने देवळात जाणं सोडलं. टॉलस्टॉय त्या मुलाला परत आणत नाही. मार्तिनाला दुसऱ्याचं पोरगं सोडवायला लावतो.

ऑस्कर वाइल्डच्या आप्पलपोट्या राक्षसाची गोष्ट (१८८८) माझ्या वर्गातल्या मुलांना सगळ्यांत प्रिय. झाडावर हात पोचत नाही म्हणून रडणाऱ्या लहान मुलाला राक्षस उचलून फांदीवर बसवतो. पुढे कित्येक वर्षांनी ते मूल येतं, तेव्हा त्याच्या तळहातांवर आणि पायांवर खिळ्यांच्या खुणा असतात. मुलं इथे चिडीचूप होतात. देवाला आपण वर बसवायचं, कारण तो लहान आहे आणि त्याचा हात पोचत नाही, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

अँडरसनची काड्यापेट्या विकणारी मुलगी मी वर्गात वाचत नाही. एकदा वाचली होती. ती गारठून मेली आणि आजीसोबत देवाघरी गेली, हे ऐकून एक सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "मंग कोणी तिच्या काड्या काहून नाही घेतल्या?" मला तिचा प्रश्न त्या शेवटापेक्षा जास्त खरा वाटला. स्वर्ग मी मानतो. पण लेकरू रस्त्यावर असताना लेखकाने इतक्या लवकर स्वर्गाचं दार उघडू नये.

रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' आम्हाला शाळेत होती. शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं, कवी ख्रिस्ती होते, आणि वर्गातल्या तीसेक पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी ताठ बसलो. जखमी पक्षीण चोचीतला चारा घेऊन घरट्यापर्यंत पोचते आणि पिलांपाशीच प्राण सोडते. टिळकांनी तिला वाचवलं नाही. पिलांचं पुढे काय झालं तेही लिहिलं नाही. इतका विश्वासाचा माणूस, ज्याची भजनं आम्ही दर रविवारी पेटीवर गातो, आणि त्याने सकाळ लिहिली नाही. आता मला वाटतं, देवावर भरवसा होता म्हणूनच त्यांना ती स्वतः लिहून टाकायची घाई झाली नसेल.

गेल्या नाताळच्या आधी मी शब्बाथ शाळेत 'वान्का' वाचली. बारा मुलं होती. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात पत्र पाहिलेलं नाही. माझ्याकडे आता येतात ती आधारची, बँकेची, एलआयसीची पाकिटं. मी पोस्टातून पन्नास पैशांची बारा कार्डं विकत घेऊन गेलो होतो. कथा संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "त्यानं पिनकोड काहून नाही टाकला?" दुसरा म्हणाला, "त्याले मोबाईल नोता का?" मग एक मुलगी काहीच न बोलता कार्डावर लिहायला लागली. तिचे आई-वडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेलेले असतात, दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळ्यात येतात. ती आजीकडे राहते. तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पत्त्याच्या जागी तिने 'आईला, कारखान्यावर' एवढं लिहिलं होतं. मी तिच्या आजीकडून मुकादमाचा नंबर घेतला, फोन करून गाव-तालुका विचारला आणि तिच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात पूर्ण पत्ता घातला. शिक्का मारताना हात जरा दाबूनच पडला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी नामान सांगितला. जुना निळा फळा अजून आहे, चित्रं तीच. मुलीचं चित्र मी शेवटपर्यंत काढलं नाही. नामान नदीत उतरला, बरा झाला, खेचरांवर माती लादून निघाला, ती एका कडेला तशीच उभी होती. कुणी विचारलं नाही, ती घरी गेली का. त्यांना ती दिसत होती.

आता बाबांबद्दल. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून रात्री मी त्यांना वाचून दाखवतो. पवित्र शास्त्राचा एक अध्याय आणि मग काहीतरी. नाताळच्या आदल्या रात्री पोरं ढोलकी घेऊन घरोघर भजनं म्हणत फिरत होती. आमच्याकडे येऊन, चहा पिऊन पुढे गेली. मी बाबांना 'वान्का' वाचून दाखवली. तो रशियातला मासा त्यांना कळेना म्हणून मी बोंबील म्हटलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मला ठाऊक होतं की लहानपणी ते दुसऱ्या गावी एका वाड्यावर गायकी म्हणून राहिले होते. पाडव्याला साल ठरायचं, पुढच्या पाडव्याला सुटका. ते नऊ-दहा वर्षांचे होते. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"मले लिवता नोतं येत," ते म्हणाले. "बजारच्या दिवशी एक कासारीन ये. बांगड्यावाली. थे आमच्या गावाकडूनबी जाते, असं कोनं तरी सांगतलं होतं. मी तिले म्हनो, मायले सांगजो, मी बरा हावो. दर बजारी सांगो."

"बरे होता?"

"कायचा बरा."

"मग पोचला का निरोप?"

"नाही. साल सुटल्यावर मायले इचारलं. थे म्हने, कोनी आलं नाही बाप्पा. थे कासारीन आमच्या गावाले जातच नोती. होकार भरे नुसता."

ढोलकीचा आवाज गावाच्या पार त्या टोकाला गेला होता. मी विचारलं, पोचतो की नाही हे कळत नव्हतं, तरी दर बाजारी सांगत कसे राहिलात?

बाबांनी गोधडी छातीपर्यंत ओढली.

"सांगतलं का मंग त्या राती झोप लागे," ते म्हणाले.